'पण' नव्हे, 'आणि'





हे संपादकीय लिहायला बसले आहे आणि समोर कागदाच्या सतरा चिठ्ठ्या आहेत. नवी मुंबईतल्या एका मराठी मंडळीत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलींबरोबर मी गेलं वर्षभर रविवारी दुपारी बसते आहे. (आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला 'मंडळी' म्हणतो, इमारतीला नव्हे, जमलेल्या माणसांना.) पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, नाव घालू नका. आरशात पाहिलं की कोणाचं बोलणं आठवतं, तेवढं एका ओळीत लिहा.

चिठ्ठ्या उलगडल्या. 'मावशी म्हणते, उन्हात जाऊ नकोस, आधीच काय कमी आहेस का.' 'वर्गातली मुलं मला डांबर म्हणतात.' 'दात.' 'मला कोणी काही म्हणत नाही, पण धाकटीला सगळे छान म्हणतात.' आणि एका चिठ्ठीत बारीक अक्षरात: 'मी रोज प्रार्थना करते, तरी गोरी होत नाही. माझा विश्वास कमी आहे का?'

ती चिठ्ठी वाचून मला काय बोलावं सुचेना. समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं, किशोरवयीन मुलींची कितीतरी शिबिरं घेतली. मासिक पाळीवर, कायद्यावर, छेडछाडीवर तासभर बोलता येतं. पण या मुलीने प्रश्न विचारला होता तो देवाला, आणि पोहोचला होता तो माझ्याकडे.

या मुली कोण, ते आधी सांगायला हवं. सिडको 1970 साली स्थापन झाली, गावांच्या जमिनी घेऊन नवं शहर वसवलं गेलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, मार्केट यार्ड, दवाखाने यांच्या कामासाठी जी माणसं आली, त्यांत नगर (आता अहिल्यानगर), जालना, सोलापूर भागातली मराठी ख्रिस्ती कुटुंबंही होती. वसईची, गोव्याची, मंगळूरची, केरळची ख्रिस्ती माणसं आली ती वेगळी. त्यांची भाषा वेगळी, चर्च वेगळं. आमच्या या मुलींच्या आया कोणी नर्स, कोणी आया, कोणी कंपनीत पॅकिंगला, कोणी घरकामाला. त्यांतल्या बहुतेकींचे पणजे-पणज्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतून ख्रिस्ती झालेले. धर्म बदलला, पण गाव जात विसरलं नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आले नाहीत. म्हणजे शाळेत आडनाव ऐकून 'तुम्ही कोण?' म्हणून विचारलं जातं ते विचारलं जातंच, सवलतीच्या अर्जावर मात्र वेगळा रकाना. तेव्हा 'काळी' हा शब्द या मुलींना ऐकू येतो तो नुसता रंगाचा नसतो. त्यात जात असते, आईचं काम असतं, झोपडपट्टीचा पत्ता असतो.

मी स्वतः नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातली. शब्बाथ शाळेत वाढले, नाताळच्या नाटकात चार वर्षं मेंढपाळ झाले. मरिया आणि देवदूत कोणाला करायचं हे ठरलेलं असायचं. ज्या गोऱ्या त्या. कोणी तसं बोलून दाखवत नसे. पांढरा झगा कोणाला शोभेल एवढंच म्हणत. पुढे मुंबईत शिकायला आले, स्त्री संघटनांच्या कामात पडले आणि मंडळी मागे राहिली. संघटनेत धर्माचा विषय निघाला की तो पितृसत्तेचा एक खांब म्हणून निघे. ते खोटं नव्हतं. पण मी ख्रिस्ती आहे हे तिथे मी फारसं सांगत नसे, आणि मंडळीत गेले की संघटनेबद्दल बोलत नसे. दोन्हीकडे अर्धीच. म्हणून पाळकांच्या पत्नीने जेव्हा म्हटलं, "ताई, दृढीकरणाच्या मुलींना आत्मविश्वासावर काहीतरी सांगा, देवाने दिलेल्या आंतरिक सौंदर्यावर सांगा," तेव्हा मी टाळायला पाहत होते. 'आंतरिक सौंदर्य' हे शब्द ऐकले की मला लगेच वाटे, आता मुलीला गप्प बसायला सांगणार.

माझं हे वाटणं अर्धं बरोबर होतं, आणि अर्धं चूक. या अंकात तुमच्यापुढे ठेवायचं आहे ते हेच.

बाजाराचं आपल्याला ठाऊक आहे. 1975 साली आलेल्या गोरेपणाच्या क्रीमने दोन-तीन पिढ्यांच्या मुलींना सांगितलं की नोकरी, नवरा आणि मान हे सगळं ट्यूबमध्ये आहे. स्त्री संघटनांनी त्या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, 2009 पासून चेन्नईच्या एका गटाने 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम चालवली, आणि 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला. डबीवरचा शब्द बदलला, घरातला 'गोरी' काही बदलला नाही. आता मुलींच्या हातात मोबाइल आहे आणि फोटो काढतानाच चेहरा उजळ करणारी सोय त्यात आहे. सतरापैकी अकरा मुली म्हणाल्या की त्या सोयीशिवाय आपण फोटो टाकतच नाही.

याला उत्तर म्हणून मंडळी म्हणते, बाहेरचं रूप नश्वर आहे, आतलं बघा. यासाठी नेहमी वाचला जातो तो पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय. केसांची वेणी, सोनं, उंची वस्त्रं यांत शोभा नाही. सौम्य आणि शांत मनात आहे, असा त्याचा आशय. ऐकायला बरं वाटतं. पण तो अध्याय सुरू कुठून होतो? बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं इथून. म्हणजे आतलं सौंदर्य आणि अधीनता एकाच ताटात वाढलेली. मुलगी जेवायला बसते तेव्हा दोन्ही पोटात जातं. बाजार तिला सांगतो, तू दिसायला कमी आहेस. मंडळी तिला सांगते, दिसण्याचं सोड, शांत राहा. तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे, हे दोघंही विचारत नाहीत.

मग मी पाळकांच्या पत्नीला म्हटलं, बसते मी, पण शास्त्रभाग कोणते ते मुलींनी आणि मी निवडायचे. त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण मीही बसेन." त्या वर्षभर बसल्या, आणि आज मला वाटतं, त्या बसल्या म्हणूनच हे टिकलं.

आम्ही पहिल्यांदा 'गीतरत्न' उघडलं. मुलींनी ते पुस्तक कधी वाचलं नव्हतं. शब्बाथ शाळेत ते वाचत नाहीत, कारण त्यात प्रेम आहे. त्याच्या अगदी सुरुवातीला एक मुलगी स्वतःबद्दल बोलते. ती काळी आहे, सुंदर आहे, आणि ती काळी का झाली हेही ती सांगते. भावांनी रागावून तिला द्राक्षमळे राखायला लावलं, ऊन लागलं. आता यातली गंमत ऐका. काळी आणि सुंदर या दोन शब्दांना जोडणारं मूळ हिब्रूतलं अक्षर असं आहे की त्याचा अर्थ 'आणि' असाही होतो, 'पण' असाही होतो. जुन्या ग्रीक भाषांतराने 'आणि' घेतलं. लॅटिन भाषांतराने 'पण' घेतलं, आणि युरोपातल्या कितीतरी भाषांतरांनी तेच पुढे चालवलं. 1989 साली आलेल्या एका इंग्रजी भाषांतराने पुन्हा 'आणि' घेतलं.

मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहिले आणि विचारलं, तुमच्या घरात कोणता? सगळ्या एकदम म्हणाल्या, 'पण'. 'काळी आहे पण नाकीडोळी नीटस.' 'काळी आहे पण हुशार.' 'काळी आहे पण स्वभावाने गरीब.' मग एक नववीतली मुलगी हळूच म्हणाली, "ताई, माझी आई पण उन्हामुळेच काळी आहे. ती बांधकामावर होती." थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग दुसरी म्हणाली, तिची आजी कांदे निवडायची. तिसरीची दगडाच्या खाणीवर. काळा रंग हा त्यांच्या घरात पहिल्यांदाच कष्टाचा म्हणून बोलला गेला. मी एम.एस.डब्ल्यू.ला शिकलेल्या कुठल्या खेळातून हे झालं नसतं. ते झालं, कारण त्या ज्या पुस्तकाला पवित्र मानतात त्यातच ती मुलगी त्यांना भेटली.

त्यानंतर आम्ही तामारेची गोष्ट वाचली. दुसरं शमुवेल, तेरावा अध्याय. राजा दाविदाची सुंदर मुलगी. सावत्र भाऊ आजाराचं सोंग करून तिला बोलावतो आणि तिच्यावर बलात्कार करतो. ती आधी त्याला नको म्हणते, समजावते, नंतरही जाब विचारते. डोक्यात राख घालते, अंगावरचा झगा फाडते आणि रडत-ओरडत बाहेर येते. तिचा सख्खा भाऊ तिला काय सांगतो? गप्प राहा, तो तुझा भाऊच आहे. बाप संतापतो, पण मुलाला काहीच करत नाही. आमच्यातल्या एकाही मुलीने ही गोष्ट पूर्वी ऐकलेली नव्हती. मीही मंडळीत कधी ऐकली नव्हती.

त्या दिवशी बैठक संपल्यावर एक मुलगी मागे राहिली. "ताई, क्षमा करायची असते ना?" एवढंच तिने विचारलं. मग नात्यातल्या एका माणसाबद्दल सांगितलं. ती दोन वर्षं गप्प होती, कारण क्षमाशील आणि शांत असणं म्हणजेच मनाने सुंदर असणं, असं तिने धरून ठेवलं होतं. तिने जे सहन केलं त्याला ती स्वतःचा गुण समजत होती.

तिच्याविषयी याहून जास्त इथे लिहीत नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते आम्ही केलं. तिला आधी नीट समजावून, तिच्या आईला बरोबर घेऊन. पाळकांच्या पत्नी पोलीस ठाण्यात आमच्या शेजारी बसल्या होत्या. मंडळीतून कुजबूज झाली. आपण मुळात थोडे, दिवस असे, बाहेर गेलं तर लोक काय म्हणतील? मैत्रिणींनो, ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. अल्पसंख्याक समाजावर बाहेरून दगड येतात तेव्हा आतली दारं बंद होतात, आणि दारं बंद झाली की पहिल्या कोंडल्या जातात त्या मुली. पण ज्या समाजाची अब्रू मुलीच्या गप्प बसण्यावर उभी आहे, त्याला बाहेरच्यांच्या दगडांची गरज उरत नाही.

आता आपल्या संघटनांमधून मला हमखास विचारलं जाईल तो प्रश्न: "अगं, धर्माच्या आत बसून काम केलंस तर धर्मच बळकट होणार. मुलींना त्यातून बाहेर का काढत नाहीस?" यावर मी पंडिता रमाबाईंकडे पाहते. आपण त्यांना शारदा सदनापुरतं आठवतो आणि त्यांच्या श्रद्धेपाशी आलो की पान उलटतो. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटलं ही हातची गेली, आणि तिथल्या चर्चला वाटलं ही हाताशी आली. दोघांचाही अंदाज चुकला. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला आहे, जरूर वाचा. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, असं त्या विचारतात. आपण शाकाहारीच राहणार म्हणतात. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्या ते मुकाट्याने मानत नाहीत. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देण्यासाठी त्या आल्या नव्हत्या. येशूवर त्यांची श्रद्धा होती, आणि तिच्याच जोरावर त्या चर्चशी भांडत होत्या.

आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मुलींना दिलं काय? 1896-97 च्या आणि 1900 च्या दुष्काळातून आणलेल्या उपाशी, टाकलेल्या, भोगलेल्या मुली. तुम्ही आतून सुंदर आहात एवढं सांगून रमाबाई थांबल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकवलं, हातमाग दिला, घाणा दिला, छापखाना दिला. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर त्यांनी स्वतः केलं. 1922 साली मृत्यूपूर्वी ते काम पुरं केलं, आणि ते छापलं मुक्तीतल्या बायका-मुलींनी. ज्या मुलीला गावाने अशुभ म्हणून टाकलं, तिच्याच बोटांनी पवित्र शास्त्राचे खिळे जुळवले. आत्मविश्वास म्हणतात तो याला.

लक्ष्मीबाई टिळकांचंही असंच. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला म्हणून त्या लगेच मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, सोवळं पाळलं, आणि पाच वर्षांनी, स्वतःला पटलं तेव्हा 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्याखाली एक बाई स्वतःचा देव स्वतः निवडताना दिसते.

हा वारसा फक्त जुन्या पुस्तकांतला नाही. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार सिद्ध करून भागत नसे. त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. आणि नवरा नुसता मारत असेल तर घटस्फोटाचा मार्गच नव्हता. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा अन्याय दूर करायला सुरुवात केली, आणि 2001 मध्ये संसदेने कायदा बदलला. त्यामागे वर्षानुवर्षं खटपट करणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया होत्या. कितीजणी रविवारी उपासनेला बसून सोमवारी निवेदनं लिहीत होत्या. कॅथलिक बिशप परिषदेने 2010 मध्ये लिंगभाव धोरण जाहीर केलं तेही आपोआप झालं नाही.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. श्रद्धेने मुलीला काय मिळालं हे तपासायची एक साधी कसोटी आहे: तिला 'नको' म्हणता येतं का, आणि 'का?' विचारता येतं का? येत असेल तर ती श्रद्धा तिची स्वतःची आहे, तिच्या पायाखालची जमीन आहे. येत नसेल, तर आंतरिक सौंदर्य हा तिच्या तोंडावर बांधलेला रेशमी रुमाल आहे. आणि हे फक्त ख्रिस्ती मुलींनाच लागू नाही.

संघटनांसाठी अनुभवातून तीन गोष्टी. पहिली, मुली जिथे आधीच जमतात तिथे जा. मंडळी असो, विहार असो, भजनी मंडळ असो. त्यांना आधी श्रद्धा सोडायला लावून मग बोलायची अट घालू नका. दुसरी, आतली एक बाई बरोबर घ्या. बाहेरून येऊन धर्मग्रंथ उलगडणारी कार्यकर्ती मुलींना परीक्षा घेणारी वाटते. तिसरी, नुसत्या बोलण्यावर थांबू नका. आमच्या मुली आता बँकेचा फॉर्म भरतात, पोलीस ठाण्यात तक्रार कशी द्यायची ते नाटक करून शिकतात, 1098 हा क्रमांक पाठ म्हणतात. मनातला विश्वास हाताला काम लागलं की टिकतो.

सगळं जमलं असं मुळीच नाही. दोन मुलींना वडिलांनी पाठवणं बंद केलं. ताई पोरींना उलटं बोलायला शिकवते म्हणे. कार्यकारिणीत एका गृहस्थांनी विचारलं, की तामारेऐवजी रूथची गोष्ट का घेत नाही. ते ठीकच आहे, रूथही घेऊ. तीही आपला रस्ता स्वतः ठरवणारी होती. आणि प्रार्थनेची ती चिठ्ठी लिहिणारी मुलगी? तिने मला नंतर आपण होऊन सांगितलं की ती चिठ्ठी तिची. क्रीम ती अजून लावते. "पण आता देवाकडे मागत नाही, ताई," ती म्हणाली. "देवाला दुसरं काम सांगितलंय." कोणतं, ते मी विचारलं नाही.

गेल्या नाताळात नाटकाच्या वेळी मुलींनीच सुचवलं की भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या. थोडी कुरबूर झाली. मरियेची चिठ्ठी निघाली ती बांधकामावरच्या आईच्या मुलीला. पांढरा झगा तिला लांब होत होता, तो पाळकांच्या पत्नीने टाचून दिला. तिची आई पहिल्या रांगेत बसली होती. मी मागे, दाराजवळ उभी होते. नाटक संपल्यावर एक म्हातारी बाई माझ्याजवळून जाताना कौतुकाने म्हणाली, "काळी आहे पण शोभली हो." माझ्या पुढ्यात उभ्या असलेल्या आमच्या नववीतल्या मुलीने वळून, अगदी नम्रपणे म्हटलं, "आजी, सलाम. पण नाही. आणि."

आजींना काही कळलं नाही. आम्हाला कळलं.

तुमच्या गावात, वस्तीत मुलींबरोबर असं काही केलं असेल, फसलं असेल तरीही, कळवा. पत्रांची वाट पाहते.

तुमची मैत्रीण,
संपादक मंडळाच्या वतीने